पोटात पसरलेला आतड्याचा कर्करोग : किती दिवस, हे खरोखर सांगता येते का?

करवीरचा_ऊसकरी
२४ जून, रात्री १०.४०

सर्वांना नमस्कार. या संस्थळावर मी अनेक वर्षे नुसता वाचक म्हणून वावरतो आहे. पहिला धागा असा निघेल असे वाटले नव्हते.

माझे वडील ६३ वर्षांचे. मे महिन्यात त्यांचे आतडे अडकले, रात्रीच कोल्हापूरला आणले आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला खाली असलेली गाठ काढली आणि पोटावर पिशवी लावली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, की पोटाच्या आतल्या पडद्यावर ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले, त्यांतले दोन तपासणीला पाठवले आहेत. आठवड्याने रिपोर्ट आला. ठिपकेही कर्करोगाचेच निघाले.

त्यानंतर एका डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून, वडील चार पायऱ्या खाली उभे असताना, 'सहा महिने धरून चाला' असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी 'आम्ही काही देव नाही, केमो सुरू करू या' एवढ्यावर विषय संपवला. दोघेही अनुभवी आहेत. मग एकाला आकडा ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, असे कसे?

हा आकडा मला हौस म्हणून नको आहे. वडिलांना रोगाचे नाव ठाऊक आहे, पुढचे आम्ही कोणी बोललेलो नाही. परवा पिशवी बदलताना ते म्हणाले, "डाक्टरला इच्यार, मळ्याच्या तुकड्यात आडसाली लावू का सोयाबीन टाकू?" ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो : आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तुटायला १६ ते १८ महिने घेतो, सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते. मी अजून डॉक्टरांना हे विचारलेले नाही. हसतील असे वाटले.


राजारामपुरी_सातवी_गल्ली
२४ जून, रात्री ११.०५

दादा, धीर धरा. 'सहा महिने' या मापावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. आमच्या गल्लीतील गटारीचे काम गेली चार वर्षे 'सहा महिन्यांत' पूर्ण होत आहे. ज्याला नेमके ठाऊक नसते तो सहा महिने सांगतो, हा माझा सर्व क्षेत्रांतला अनुभव आहे.


पंचगंगाकाठी
२५ जून, सकाळी ७.१५

विनोद कळला, पण माझ्या आईच्या बाबतीत तो सहा महिन्यांचा आकडाही जास्त ठरला. हाच आजार, हेच पसरणे, सात वर्षांपूर्वी. निदानापासून पाचव्या महिन्यात ती गेली. त्या पाच महिन्यांपैकी दोन आम्ही मुंबईच्या फेऱ्यांत घालवले : रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी रांग, संध्याकाळी परत. आम्हाला कोणीही काही सांगितले नाही. सांगितले असते तर त्यातल्या निदान तीन फेऱ्या मी रद्द केल्या असत्या. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला जिन्यात का होईना पण आकडा सांगितला, त्यांच्यावर मी रागावणार नाही. जिन्यावर रागावेन.


सूक्ष्मदर्शी
२५ जून, सकाळी ९.५०

मी मिरजेत अनेक वर्षे पॅथॉलॉजीचे काम केले, आता निवृत्त आहे. कोणाच्याही वडिलांबद्दल येथून भाकीत करणार नाही; मात्र दोन डॉक्टरांची उत्तरे वेगळी का येतात, हे सांगता येईल.

'पोटात पसरलेला आतड्याचा कर्करोग' हे एकाच आजाराचे नाव नाही. यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेल्या रोगापेक्षा पडद्यावर पसरलेला रोग सरासरीने अधिक वाईट वागतो, म्हणून टप्पे ठरवण्याच्या आठव्या आवृत्तीत त्याला चौथ्या टप्प्यातच एम-१-सी असा स्वतंत्र कप्पा दिला. त्या कप्प्याच्या आतही माणसामाणसांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि त्यातले बरेच अंतर पेशींवरच लिहिलेले असते. तेव्हा बायोप्सीच्या रिपोर्टचे दुसरे पान काढा. तेथे 'सिग्नेट रिंग' असे शब्द आहेत का ते पाहा. त्या पेशींत चिकट द्रव भरून केंद्रक एका कडेला ढकलला जातो आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. दिसायला सुंदर, वागायला अत्यंत वाईट. साधा, मध्यम प्रतीचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून होणारा नेहमीचा कर्करोग) असेल तर गोष्ट बरीच वेगळी असते.

दुसरे, त्याच तुकड्यावर जनुकांच्या चाचण्या झाल्या आहेत का? तीन नावे लक्षात ठेवा : रास आणि बीराफ ही जनुके, आणि एमएसआय, म्हणजे पेशीच्या डीएनए-दुरुस्तीतल्या बिघाडाची खूण. बीराफमधील व्ही-६०० हा बदल पसरलेल्या रोगाच्या साधारण दहापैकी एका रुग्णात सापडतो आणि तो असेल तर रोग वेगाने पुढे जातो. एमएसआय जास्त असलेले रुग्ण पसरलेल्या रोगात शंभरात चार-पाचच असतात, पण त्यांच्यासाठी दारच वेगळे उघडते. २०२० साली आलेल्या कीनोट-१७७ या चाचणीत अशा रुग्णांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचे औषध दिले, तेव्हा रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) १६.५ महिने आला; केमोच्या गटात तो ८.२ होता. ही चाचणी न करता कोणी 'सहा महिने' म्हणत असेल, तर तो पाकीट न फोडता पत्राचे उत्तर देतो आहे.


करवीरचा_ऊसकरी
२५ जून, दुपारी १.२०

सर, रिपोर्ट पुन्हा वाचला. 'मध्यम प्रतीचा ॲडिनोकार्सिनोमा' असे आहे, सिग्नेट रिंग कोठेही नाही. जनुकांच्या चाचण्यांचा उल्लेख नाही. विचारल्यावर 'पाठवायच्या असतील तर ब्लॉक घेऊन जा' असे उत्तर मिळाले. ब्लॉक म्हणजे काय हे मला आजच कळले : मेणात बसवलेला, काडेपेटीहून लहान तुकडा. तो शर्टाच्या खिशात घालून मी लक्ष्मीपुरीतून चालत आलो आणि सगळा वेळ हात खिशावर होता.


शस्त्र_आणि_शास्त्र
२५ जून, रात्री ९.३०

सूक्ष्मदर्शी सरांनी पेशींची बाजू मांडली आहे, मी पोटाची मांडतो. मी कर्करोगाचा सर्जन आहे. कोणत्या गावी, हे राहू द्या.

पडद्यावरचा रोग किती आहे, हे मोजण्याची आमची एक पट्टी आहे. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर या सर्जनांच्या नावाशी ती जोडलेली आहे आणि तिला पीसीआय म्हणतात. पोटाचे नऊ चौकोन करायचे आणि लहान आतड्याचे चार भाग वेगळे धरायचे, असे तेरा भाग. प्रत्येक भागात रोग नसेल तर शून्य, गाठी अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत असतील तर एक, पाच सेंटीमीटरपर्यंत दोन, आणि त्याहून मोठ्या किंवा एकमेकींत मिसळून थर झाला असेल तर तीन. सर्वांत वाईट बेरीज ३९. आतड्याच्या कर्करोगात बेरीज वीसच्या पुढे गेली, की मोठी शस्त्रक्रिया करून फारसे हाती लागत नाही असे बहुतेक जण मानतात. काही केंद्रे याहून खालीच थांबतात.

सीटी स्कॅनवर ही बेरीज जवळजवळ नेहमी कमी दिसते. अर्ध्या सेंटीमीटरखालचे ठिपके, त्यातही लहान आतड्यावरचे, सीटीतून सहज निसटतात. 'स्कॅन स्वच्छ आहे' असे ऐकून आनंदाने पोट उघडावे आणि आत साबुदाणा सांडल्यासारखे दृश्य दिसावे, असे माझ्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. काही ठिकाणी एमआरआयची विशेष पद्धत वापरतात, ती जरा बरी. खरे उत्तर दुर्बिणीतून पोट पाहिल्यावरच मिळते.

बेरजेहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटी मागे काय उरते. दिसणारा सगळा रोग निघाला तर आम्ही सीसी-० लिहितो आणि अडीच सेंटीमीटरहून मोठा उरला तर सीसी-३. या दोन नोंदींच्या मधोमध वर्षांचे अंतर असते. बेरीज लहान असूनही लहान आतड्याचा पडदा मुळाशी आवळला गेला असेल तर सीसी-० शक्य होत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

ऊसकरी, तुमच्या वडिलांची शस्त्रक्रिया रात्रीतून, आतडे मोकळे करण्यासाठी झाली. त्या वेळी तेरा भाग मोजत बसणे शक्य नसते आणि मोजू नयेही. तरीही ऑपरेशन नोट मागून घ्या. ठिपके एकाच कोपऱ्यात होते की सर्वत्र, एवढे जरी त्यात लिहिलेले असले तरी पुढच्या डॉक्टरांचे निम्मे काम होते.


गडहिंग्लजकर
२६ जून, सकाळी ८.४०

माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता. मुंबईत साडेनऊ तास शस्त्रक्रिया झाली आणि शेवटी पोटात गरम केमो फिरवली. या श्रावणात चार वर्षे पूर्ण होतील. तो रोज सकाळी दूध घालायला डेअरीवर जातो. ऊसकरी, आकड्यांत शिरू नका, थेट गरम केमो कोठे होते ते शोधा. त्या गरम औषधानेच सगळा फरक पडतो.


शस्त्र_आणि_शास्त्र
२६ जून, दुपारी ३.१०

गडहिंग्लजकर, भावाबद्दल वाचून मनापासून आनंद झाला, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

२००३ साली नेदरलँड्समधील १०५ रुग्णांच्या चाचणीने या उपचाराला बळ दिले. नेहमीच्या केमोच्या गटात मध्यक आयुष्य १२.६ महिने होते, तर शस्त्रक्रिया आणि गरम केमो मिळालेल्या गटात ते २२ महिन्यांच्या पुढे गेले. परंतु त्यात फायदा चाकूचा की गरम औषधाचा, हे वेगळे करता येत नव्हते. ते फ्रान्समध्ये प्रॉडिज-७ या चाचणीने केले. २६५ रुग्ण घेतले, सर्वांचा रोग शस्त्रक्रियेने जवळजवळ पूर्ण काढला, आणि निम्म्यांनाच ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध गरम करून दिले. २०२१ साली निकाल छापून आला : गरम केमोच्या गटात ४१.७ महिने, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात ४१.२. फरक नाहीच म्हणा ना. उशिरा होणाऱ्या गंभीर गुंतागुंती मात्र गरम केमोच्या गटात जास्त होत्या. यावर अजून वाद आहेत. औषध वेगळे हवे होते, वेळ अर्धा तासच दिला, असे आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. तरीही तुमच्या भावाला चार वर्षे कोणी दिली असे मला विचाराल, तर माझे बोट त्या साडेनऊ तासांकडे जाईल.


गडहिंग्लजकर
२६ जून, सायंकाळी ६.००

डॉक्टर, तुमचे आकडे मान्य. पण मग ४१ महिने हा आकडा ऊसकरींनी धरायचा की नाही?


मध्यक
२६ जून, रात्री ११.५५

नाही, धरायचा नाही. गेली तीस वर्षे मुलांना संख्याशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे हा धागा पाहून झोप लागणे शक्य नव्हते.

पडद्यावर पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाचे तीन आकडे घ्या. २००० साली फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात मध्यक आयुष्य ५.२ महिने होते. २०१६ साली, आधुनिक केमोच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा फक्त पडद्यावर रोग असलेल्यांचा मध्यक १६.३ महिने निघाला. आणि प्रॉडिज-७ मधला ४१. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्हींतली माणसे वेगळी आहेत. ४१ महिन्यांच्या गटात तेच होते जे मोठी शस्त्रक्रिया सोसण्याइतके धडधाकट होते, ज्यांचा रोग मोजका होता आणि जो पूर्ण काढता आला. जे तिथवर पोहोचलेच नाहीत, ते त्या मध्यकात मोजलेलेच नाहीत. खासबाग मैदानात उतरलेल्या पैलवानांच्या वजनाची सरासरी काढून ती कोल्हापूरकरांचे वजन म्हणून सांगण्यासारखे हे आहे.

आता 'मध्यक' या शब्दाविषयी, कारण सदस्यनामाची लाज राखायला हवी. मध्यक १६ महिने म्हणजे 'तुम्हाला १६ महिने मिळाले' असे नव्हे. अर्धे लोक त्याआधी जातात, अर्धे त्यानंतरही असतात, आणि उजवीकडची शेपटी लांब असते. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांना १९८२ साली पोटाच्या पडद्याचाच, पण वेगळ्या जातीचा कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पाहिले तर मध्यक आठ महिने. पण ते वयाने तरुण होते, रोग लवकर सापडला होता, उपचार उत्तम मिळत होते. आपण त्या लांब शेपटीत असण्याची शक्यता बरीच आहे हे त्यांनी गणिताने ताडले. ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ साली गेले ते दुसऱ्याच कर्करोगाने.

ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांनी यातून एक सोपा हिशेब काढला आहे. मध्यक घ्या. साधारण निम्म्या रुग्णांचे आयुष्य त्या आकड्याच्या निमपटीपासून दुपटीपर्यंत असते. सर्वांत दुर्दैवी दहा टक्के पाव मध्यकाच्या आतच जातात आणि सर्वांत सुदैवी दहा टक्के तिपटीच्या पुढे जातात. मध्यक १६ धरला तर साधारण निम्म्यांसाठी आठ महिने ते पावणेतीन वर्षे, वाईटात वाईट चार महिन्यांच्या आत, चांगल्यात चांगले चार वर्षांहून अधिक. पंचगंगाकाठी यांची आई आणि गडहिंग्लजकरांचा भाऊ ही एकाच पट्ट्याची दोन टोके आहेत. तुम्ही दोघेही खरे सांगत आहात.


पंचगंगाकाठी
२७ जून, सकाळी ६.५०

सर, एका टोकावर आई आहे हे गणितात वाचताना क्षणभर कसेसेच झाले. पण पटले.


मंगळवारपेठी_आशावादी
२७ जून, सकाळी १०.२०

मला या सगळ्या चर्चेचाच कंटाळा आला आहे. माणूस मनाने खचला की शरीराने खचतो. आकडा सांगणे म्हणजे त्याला अर्धे मारणे आहे. आपल्याकडे घरच्या कर्त्या माणसाला असले काही सांगत नाहीत, मुलगा ऐकून घेतो आणि पोटात ठेवतो. ऊसकरी, वडिलांना 'गाठ काढली, आता फक्त औषधे आहेत' एवढेच सांगा.


निवांत_सावली
२७ जून, दुपारी २.४५

मी घरोघरी जाऊन वेदनाशामक सेवा देणारी परिचारिका आहे. आशावादी, तुमची माया कळते, पण ज्यांना काहीच सांगितलेले नव्हते अशा कित्येक आजोबांनी सून स्वयंपाकघरात गेल्यावर मला हळूच विचारले आहे, "बाई, खरं काय ते सांग." त्यांना ठाऊक असते. ठाऊक आहे हे कोणाशी बोलता येत नाही, एवढाच काय तो फरक पडतो.

डॉक्टरांचा आकडा चुकतो, हेही खरे आहे. २००० साली शिकागोमध्ये शेवटच्या टप्प्यातील ४६८ रुग्णांबद्दल डॉक्टरांना अंदाज विचारले होते. पाचातले चार अंदाज चुकले आणि चुकलेल्यांत बहुतेक जास्तीच्या बाजूला. मला सर्वांत लक्षात राहिले ते असे, की डॉक्टर रुग्णाला जितके जास्त काळ ओळखत होते तितका त्यांचा अंदाज अधिक चुकत होता. जिव्हाळा आकडा वाढवतो.

घरातल्यांना दिसणाऱ्या खुणा मात्र बऱ्याच प्रामाणिक असतात. जागेपणीचा अर्ध्याहून अधिक वेळ माणूस अंथरुणात घालवू लागला, तर ती कोणत्याही रक्ततपासणीइतकी मोठी खूण आहे. पोटात पाणी होऊन ते काढावे लागत असेल, तर दोन वेळांमधले दिवस वहीत लिहा. तीन आठवड्यांचे दहा दिवस झाले, की वही बोलू लागते. वजन, आहार, रक्तातले अल्ब्युमिन. पिशवीत काही येणे थांबून उलट्या सुरू झाल्या तर आतडे पुन्हा अडकले असावे. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आमच्यात एक ढोबळ रीत आहे : माणूस महिन्या-महिन्याने उतरत असेल तर महिन्यांत बोलावे, आठवड्या-आठवड्याने उतरत असेल तर आठवड्यांत, आणि रोज उतरत असेल तर जवळच्यांना बोलावून घ्यावे.

ऊसकरी, वडील सध्या काय काय करतात?


करवीरचा_ऊसकरी
२७ जून, रात्री ९.१५

ताई, सकाळी साडेसहाला उठून मळ्याच्या बांधापर्यंत चालत जातात. पिशवी आता स्वतः बदलतात. पहिल्यांदा आईने तोंड फिरवले होते, आता तीच गरम पाण्याचे तांब्ये भरून ठेवते. ऑपरेशनमध्ये नऊ किलो वजन गेले होते, त्यातले दोन परत आले. पोटात पाणी नाही. दुपारी झोपतात, पण ते आधीही झोपायचे.

ऑपरेशन नोट मिळाली. 'खालच्या डाव्या भागात व चरबीच्या पडद्यावर ठिपके, यकृत मोकळे, लहान आतडे दिसले तेवढे मोकळे' असे लिहिले आहे. त्या रात्री हे लिहिणाऱ्या सर्जनांचा मी ऋणी आहे.


शस्त्र_आणि_शास्त्र
२७ जून, रात्री १०.३०

'दिसले तेवढे' हे शब्द प्रामाणिक माणसाचे आहेत. ही नोट आणि जनुकांचा रिपोर्ट घेऊन, ज्या ठिकाणी पडद्यावरच्या रोगाचे काम नियमित होते तेथे एकदा मत घ्या. बहुधा ते आधी तीन महिने केमो देतील, मग स्कॅन आणि जमले तर दुर्बिणीतून तपासणी. केमोला रोग कसा उत्तर देतो, हेच एक मोठे भाकीत असते. जो रोग केमो चालू असताना वाढतो, तो सहसा चाकूलाही दाद देत नाही. म्हणून आज कोणी आकडा सांगितला, तर तोच आकडा ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारायचा. तो बदललेला असेल.


राजारामपुरी_सातवी_गल्ली
२७ जून, रात्री ११.१०

म्हणजे हवामान खात्यासारखे झाले. पुढच्या वर्षाचा पाऊस विचारू नये, पुढच्या आठवड्याचा विचारावा आणि दर आठवड्याला विचारत राहावे. माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल पंचगंगाकाठी ताईंची माफी मागतो.


मध्यक
२८ जून, सकाळी ७.३०

हवामानाची उपमा चांगली आहे, फक्त एक भर घालतो. या रोगात पहिले वर्ष निभावलेल्या माणसाला निदानाच्या दिवशीचा मध्यक लागू राहत नाही, त्याचे गणित तेथून नव्याने सुरू होते. आणि ऊसकरी, तुमच्या वडिलांचा प्रश्न या धाग्यावरचा सर्वांत नेमका प्रश्न आहे. 'किती दिवस' याला उत्तर नाही. 'अठरा महिन्यांनी ऊस तुटताना मी बांधावर असण्याची शक्यता किती' याला उत्तर आहे. डॉक्टरांना असाच विचारा. हसणार नाहीत.


मंगळवारपेठी_आशावादी
२८ जून, सकाळी ११.००

मी अजूनही सांगण्याच्या विरोधात आहे. पण असा प्रश्न वडिलांनी स्वतःच विचारला असेल, तर त्यांना थापा मारणेही मला जमले नसते, हे कबूल करतो.


करवीरचा_ऊसकरी
१४ ऑगस्ट, रात्री १०.०५

मंडळी, दीड महिन्याने येतो आहे.

जनुकांचा रिपोर्ट आला : बीराफमध्ये बदल नाही, रासमध्ये आहे, एमएसआय जास्त नाही. म्हणजे वेगळे दार उघडले नाही, पण सर्वांत वाईट दारही बंद झाले. फोलफॉक्स केमोच्या तीन फेऱ्या झाल्या. सी.ई.ए. (रोगाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) ८४ होता, तो ३७ वर आला. बोटांना मुंग्या येतात, थंड पाण्याला हात लावता येत नाही. स्कॅन सप्टेंबरअखेरीस आहे.

केमो देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी आडसालीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची वडिलांकडे वळवली आणि त्यांनाच विचारले, "तुम्हाला किती ऐकायचे आहे?" वडील म्हणाले, "उसाएवढं." मग त्यांनी सांगितले, की अशा दहा माणसांपैकी साधारण निम्मी अठरा महिन्यांनंतर असतात, औषधाने चांगले उत्तर दिले आणि शस्त्रक्रिया जमली तर जास्त, नाही तर कमी, आणि सोयाबीन निघेपर्यंत ते असतील अशी त्यांना पक्की आशा आहे. परतताना वडील एसटीत खिडकीशी बसले. रंकाळ्यापाशी एवढेच म्हणाले, की निम्म्याचा भाव काही वाईट नाही.

सोयाबीनची वेळ तोवर निघूनच गेली होती. ५ ऑगस्टला आडसाली लावली. त्याआधी एक दिवस वडील मला घेऊन कारखान्याच्या गट ऑफिसात गेले. उसाची नोंद त्यांनी आईच्या नावावर घातली, बिल जमा व्हायला तिचे बँक पासबुक दिले, आणि शेअरला वारस कोण लावला आहे ते वाचून दाखवायला लावले. क्लार्कने विचारले, "मामा, यंदा नाव का बदललं?" तर म्हणाले, "तोड आली की ती असणार हाय. मी असलो तर बांधावर बसतो."


पंचगंगाकाठी
१४ ऑगस्ट, रात्री १०.४०

ऊसकरी, डॉक्टरीणबाईंनी ज्या खोलीत हे सांगितले तिला दार होते का?


करवीरचा_ऊसकरी
१४ ऑगस्ट, रात्री १०.५२

होते, ताई. त्यांनी उठून लावले.


गडहिंग्लजकर
१५ ऑगस्ट, सकाळी ६.३०

ऊस कोणता लावला? ८६०३२ की २६५?


करवीरचा_ऊसकरी
१५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

८६०३२, साडेचार फुटी सरी. उगवण चांगली आहे.